संशय आला तर घरच्याविरुद्ध

झिंज, बहारीन
२२ फेब्रुवारी २०२५

मामा,

१. शुक्रवार, १४ फेब्रुवारी. ईसा टाउनच्या मैदानावर आमच्या लीगची फायनल. आमचा संघ सित्रा स्पार्क्स ५, ब्लू फाल्कन्स ४. आम्ही जिंकलो.

२. पूर्ण मोसमात आमचे सामने बारा, विजय दहा. इतके विजय दुसऱ्या कोणाचेही नाहीत.

३. गुरुवार, २० फेब्रुवारी. बक्षीस समारंभ. सर्वोत्तम बॅटर, फाल्कन्सचा. सर्वोत्तम पिचर, फाल्कन्सचा. सर्वोत्तम फील्डर, तिसऱ्या आलेल्या संघाचा.

४. 'मोसमाचा संघ' म्हणून अकरा नावं वाचली. त्यात आमचं एकही नाही. हाच संघ १७ एप्रिलला मस्कतच्या आखाती स्पर्धेला जाणार. बारावा खेळाडू राखीव, त्याचं नाव नंतर कळवतो म्हणाले.

५. आमचे कॅप्टन ताहिरभाई बिर्याणी यायच्या आत उठले. कप टेबलावरच राहिला. तो मी घरी आणला.

६. ग्लेनिस शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होती.

फोनवर तुम्हाला अर्धंच ऐकू येतं आणि मला हे दोनदा सांगायचं नाही, म्हणून ईमेलवर लिहिलं. आमचा खेळ सॉफ्टबॉल, पण इथे सगळे त्याला बेसबॉलच म्हणतात. त्यावरून वाद घालू नका.

ग्लेनिस आमची बॅटर, वसईची; आमच्या लीगमध्ये बायका-पुरुष एकत्रच खेळतात. इथे एका हॉस्पिटलात नर्स आहे, वय छत्तीस. मी आमच्या संघाची स्कोअरर झाले ती तिच्यामुळेच. दोन वर्षांपूर्वी मी कुंपणाबाहेर उभी राहून सामना बघत होते. ती म्हणाली, "बघतेस काय? लिहिता येतं ना? मग आत ये." तेव्हापासून ती मला 'पेन्सिल' म्हणते. मेमध्ये तिचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय आणि ती ते वाढवणार नाही. वसईला परत जाऊन असा संघ मिळणार नाही, हे तिला माहीत आहे. मस्कतला जायला मिळेल म्हणून तिने एप्रिलमधल्या आठ शिफ्ट आधीच दुसऱ्या नर्सेसशी बदलून ठेवल्यात. त्याबदल्यात मार्चभर डबल ड्युट्या करणार आहे.

समारंभातून निघताना मी तिला म्हटलं, "मी तक्रार करणार आहे." ती म्हणाली, "खलास गं. बूट काढू दे आधी, पाय मेलेत माझे."

मला दोन दिवस नीट झोप नाही. काल कारखान्यात एकच प्रेशर गेज तीनदा तपासलं. तीनही वेळा ते बरोबरच होतं.

तेजस्वी


जळगाव
२४ फेब्रुवारी २०२५

तेजू,

तुझं पत्र हेमाने मोठ्याने वाचून दाखवलं. मग मी स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं आणि ब्लडप्रेशरची गोळी घेतली.

अगं, जिंकलेल्या संघातला एकही नाही? म्हणजे लग्न लागलं, वरात निघाली आणि पंगतीत नवऱ्यालाच पान नाही! मी पस्तीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. निवड समित्यांबरोबर चहा पिऊन पिऊन माझं पोट बिघडलं. मला शिकवू नकोस या लोकांना काय हवं असतं ते. त्यांना हरलेल्यांना खूश ठेवायचं असतं. जिंकलेल्यांना काय, कप मिळालाच आहे.

गप्प बसू नकोस. पण रडगाणंही नको, पुरावा पाठव. बाराही सामन्यांच्या स्कोअरशीटचे फोटो काढ आणि मला पाठव. तू लिहिलेली शीट म्हणजे मी लिहिल्यासारखीच. तुझ्या वयाच्या मुलींमध्ये सरळ पेन्सिल मी तुझीच पाहिली. मी इथे बसून एकेक चेंडू मोजतो आणि तुला असं पत्र तयार करून देतो, की तो सेक्रेटरी उभा राहून वाचेल.

हेमा म्हणते, पोरगी नीट जेवते का ते विचारा. विचारलं.

गुरुप्रसाद


झिंज
२८ फेब्रुवारी २०२५

मामा,

जेवते.

बारा शीटचे फोटो सोबत आहेत. सेक्रेटरी राहील सर हैदराबादचे आहेत, सभ्य आहेत. मी त्यांना फोन केला होता. ते म्हणाले, "मॅडम, हमने चेहरे नहीं देखे, सिर्फ आंकडे देखे." आकडे असे:

सर्वोत्तम ठरलेला फाल्कन्सचा बॅटर: ४० वेळा बॅटिंग, १६ हिट. सरासरी .४००.

ग्लेनिस: ४१ वेळा बॅटिंग, १३ हिट. सरासरी .३१७.

म्हणजे आकड्यांप्रमाणे ते चूक नाहीत. पण आकडे खेळ पाहत नाहीत, आणि मी पाहिलाय. फायनलच्या शेवटच्या डावात ४-४ असताना ग्लेनिसने मारलेला चेंडू दुसऱ्या-तिसऱ्या बेसमध्ये उभ्या शॉर्टस्टॉपच्या हातमोज्यावर असा बसला की मोजाच हातातून निघाला. चेंडू एकीकडे आणि मोजा दुसरीकडे. ताहिरभाई तिसऱ्या बेसवरून धावत आले आणि आम्ही जिंकलो. शॉर्टस्टॉप नंतर मनगट चोळत बाकावर बसला होता. असं खेळणारी बाई .३१७ कशी, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

उद्यापासून रमजान. कारखान्यात दुपारी दोनलाच सुटका होते. उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कळत नाही. सित्राच्या बसमध्येही मी शीट चाळत असते. शेजारच्या शब्बीरने विचारलं, "परीक्षा आहे का?"

तुमच्या पत्राची वाट पाहते.

तेजस्वी


जळगाव
१२ मार्च २०२५

तेजस्वी,

उत्तराला बारा दिवस लागले. तब्येत ठीक आहे. शीट पाहत होतो.

एक प्रश्न आहे. तू लिहितेस की फायनलमधला तो चेंडू हातमोजा काढून घेऊन गेला. तुझ्या शीटवर, सहाव्या पानावर, त्याच चेंडूपुढे लिहिलंय: शॉर्टस्टॉपचा एरर. म्हणजे तुझ्या मते बॅटरने काही केलं नाही, सोप्या चेंडूवर फील्डर चुकला; सरासरीत तिला त्याचं काही मिळत नाही.

दोन्हींपैकी खरं काय? पत्र, का शीट?

हिट की एरर हे मैदानावर एकच माणूस ठरवतो, आणि तो माणूस स्कोअरर. अंपायरही नाही. हे तुला मी सांगायची गरज नाही.

उत्तर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल.

गुरुप्रसाद


झिंज
१३ मार्च २०२५

मामा,

दोन्ही खरं आहे.

चेंडू जोरात होता. शॉर्टस्टॉपचा हात तिथपर्यंत पोचला होता. चांगल्या फील्डरने तो अडवला असता का? कदाचित. तिथे शंका होती. ग्लेनिस माझ्या संघाची, त्यातून माझी मैत्रीण. मी बाकावर तिच्या पाण्याच्या बाटलीशेजारी बसून लिहिते. अशा वेळी काय करायचं ते तुम्हीच शिकवलंत. मी आठवीत होते. आपण शाळेच्या मैदानामागच्या पायऱ्यांवर बसलो होतो. तुम्ही म्हणालात: "संशय आला तर घरच्याविरुद्ध लिहायचं. मग कुणी आपल्याकडे बोट दाखवत नाही."

आजवर माझ्या शीटकडे कुणी बोट दाखवलेलं नाही.

तुम्ही आता प्रश्न का विचारता ते मला कळत नाही.

तेजस्वी


जळगाव
१५ मार्च २०२५

तेजू,

पायऱ्यांवर मी तसं म्हणालो होतो. शब्द न् शब्द तसाच.

नियमपुस्तक माझ्यापुढे उघडं आहे. त्यात उलटं लिहिलंय. शंका असेल तेव्हा तिचा फायदा बॅटरला द्यायचा. घरचा, बाहेरचा असा भेद त्यात नाही. मला हा नियम तेव्हाही पाठ होता. तरी तुला दुसरं शिकवलं, कारण मी स्वतः दुसरं करत होतो आणि लोक मला त्यासाठी मानत होते. "गुरुप्रसाद सर भाचीलासुद्धा सोडत नाहीत." हे वाक्य मी चहाच्या टपरीवर ऐकलंय आणि चहा गोड लागलाय.

आता जे लिहितो ते हेमालाही माहीत नाही.

डिसेंबर २०१३. विभागीय स्पर्धा. तू अकरावीत होतीस. स्कोअरर मी. राज्याच्या संघासाठी आपल्या विभागातून चार बॅटर घेणार होते. तू पाचवी आलीस. तुझ्या आणि चौथीच्या मध्ये एका हिटचं अंतर होतं.

त्या स्पर्धेत तुझे तीन चेंडू मी एरर लिहिले. त्यातला एक धुळ्याविरुद्धचा, लेफ्ट फील्डला गेलेला. तो एरर नव्हता, तेजू. तिथे शंकासुद्धा नव्हती. निवड समितीचे दोघे माझ्या मागे उभे होते आणि त्यातला एक म्हणाला होता, "सर, ही तुमची भाची ना?" मी पेन्सिल खाली टेकवली आणि एररचं ई लिहिलं.

त्या उन्हाळ्यात तू बॅट देऊन टाकलीस आणि इन्स्ट्रुमेंटेशनच्या डिप्लोमाचे फॉर्म आणलेस. सगळे म्हणाले, शहाणी आहे. मीही म्हणालो.

तुझ्या बारा शीट पाहताना मला माझंच अक्षर दिसलं. म्हणून बारा दिवस लागले.

गुरुप्रसाद


झिंज
१६ मार्च २०२५

मामा,

पत्र मिळालं. अकरा वर्षं मी असं धरून चालले होते की माझा हात कमी पडला.

यावर आत्ता काही लिहीत नाही.

तेजस्वी


झिंज
२३ मार्च २०२५

मामा,

या आठवड्यात मी काय केलं ते सांगते. शेवटी एक काम आहे, म्हणून नीट वाचा.

सोमवारी बाराही शीट पुन्हा काढल्या. कारखान्यात गेज तपासतात तसंच तपासलं. एखादं गेज कधी थोडं जास्त, कधी थोडं कमी दाखवत असेल तर ते चालवून घेता येतं. पण जे दर वेळी एकाच बाजूला झुकतं ते काढून टाकावं लागतं, मग ते सुरक्षित बाजूला झुकत असलं तरीही. जास्तीची सावधगिरी दाखवणारं गेजही चुकीचंच असतं, हे मी नव्या मुलांना दर वर्षी शिकवते.

शंका घ्यावी असे चेंडू मला सव्वीस सापडले. समोरच्या संघांचे बारा: त्यातले सात मी हिट लिहिले, पाच एरर. आमच्या संघाचे चौदा: चौदाही एरर. हिट शून्य. त्या चौदांपैकी नऊ ग्लेनिसचे.

नऊपैकी चार जरी हिट असते तरी ती .४१५ झाली असती आणि पहिली आली असती.

म्हणजे समितीने आमच्यावर अन्याय केला नाही. मी केला. आणि मीच तक्रारीचा फोन केला.

मंगळवारी ग्लेनिसकडे गेले. ती नाइट ड्युटीआधी भात टाकत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"ग्लेनिस, तुझे नऊ चेंडू मी एरर लिहिलेत. काही हिट असणार."

तिने गॅस बारीक केला. "ताहिरभाईंचे रोजे चालू, माझा उपासकाळ चालू, आणि कबुली द्यायला तू आलीस? थांब, फादरला बोलावते."

"मी गंमत करत नाहीये."

"दिसतंय तोंडावर. मुद्दाम लिहिलंस?"

"नाही. म्हणजे, हो. सवय आहे. शंका आली की आपल्या माणसाविरुद्ध लिहायचं."

"आणि नऊ वेळा शंका आली?"

"हो."

"मग एकदा तरी विचारायचंस गं. बाटली माझी घेऊन पाणी पीत होतीस ना, तिथेच बसून?" मग तिने भाताचं झाकण उघडून बघितलं, परत ठेवलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्हणजे मी तुझी मैत्रीण नसते, फाल्कन्समध्ये असते, तर मस्कतला गेले असते."

मी हो म्हटलं. खरं होतं ते.

"जा आता, पेन्सिल. मला आंघोळ करायचीय."

तिने दार लावलं नाही, पण मी निघेपर्यंत वळलीही नाही. मामा, मला लोक रागावलेले चालतात. हे चाललं नाही.

बुधवारी सकाळी तिला मेसेज केला: "मी समितीला सगळं लिहून देते. चालेल?" दुपारपर्यंत उत्तर नाही. मग आलं: "शिफ्ट अजून परत केलेल्या नाहीत." एवढंच. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

गुरुवारी इफ्तारनंतर समितीची बैठक होती. मी माझ्या सव्वीस नोंदींचा तक्ता नेला होता. राहील सरांनी तो दोनदा वाचला.

"स्कोअरर खुद कह रही है कि स्कोअर गलत है? पंद्रह साल में पहली बार सुन रहा हूँ."

ताहिरभाई माझ्या शेजारी होते. त्यांना मी येताना गाडीत सांगितलं होतं. ते सिग्नलवर एवढंच बोलले, "बेटा, मैं एक महीने से राहील को गालियां दे रहा हूँ. रोज़े में भी." बैठकीत मात्र ते माझ्या बाजूने बोलले. म्हणाले, हिला चोरी करायची असती तर उलट्या बाजूने केली असती.

समितीचा निर्णय असा:

दिलेली बक्षिसं परत घेणार नाहीत. ते मला पटलं. त्या मुलाने सोळा हिट खरोखर मारलेत.

बारावी, राखीव जागा अजून रिकामी आहे. ग्लेनिसची सरासरी .४००च्या वर गेली तर ती जागा तिची, नाहीतर फाल्कन्सच्या एका मुलाची. यादी ईदच्या सुट्टीआधी, शुक्रवारी २८ तारखेला मस्कतला जाते.

त्या नोंदी मी बदलायच्या नाहीत. हेही पटलं. दुसऱ्या जाणकार स्कोअररने व्हिडिओ पाहून ठरवायचं, आणि मग आमच्या आणि फाल्कन्सच्या कॅप्टननी सही करायची.

व्हिडिओ आहेत. ग्लेनिसचा दीर हॅन्सेल हॉटेलात काम करतो आणि सुट्टी असली की कुंपणाला फोन टेकवून सामने रेकॉर्ड करतो. नऊपैकी सात चेंडू त्याच्याकडे सापडले. उरलेले दोन जसे लिहिलेत तसेच राहणार.

राहिला प्रश्न जाणकार स्कोअररचा. इथे आणखी दोघं आहेत. एक फाल्कन्सचा, दुसरा त्या राखीव मुलाचा भाऊ. राहील सर म्हणाले, बाहेरचा कोणी आहे? मी म्हटलं, जळगावला एक आहेत, राज्य पातळीवर वीस वर्षं स्कोअरिंग केलंय. माझे मामा आहेत.

"रिश्तेदार?"

"हो. त्यांच्याकडून मला आजवर फायदा झालेला नाही, हे मी लिहून देते."

बैठकीला आलेला फाल्कन्सचा कॅप्टन हसला. त्याला गोष्ट माहीत नव्हती, त्याला फक्त माझा चेहरा दिसत होता. राहील सर म्हणाले, "यल्ला, चलो, लिख के दो." मी लिहून दिलं. तुम्हाला विचारायच्या आधी दिलं, त्याबद्दल माफी मागत नाही.

आता काम. सातही व्हिडिओ सोबत पाठवतेय. एक ते सात क्रमांक टाकलेत. तिसरा हलतो, कारण हॅन्सेल तेव्हा ओरडत होता. पाचव्यात ऊन समोरून येतं, तो मोठ्या स्क्रीनवर बघा. हेमामामींच्या फोनवर बघू नका. प्रत्येकापुढे एकच शब्द लिहायचा: हिट, किंवा एरर. कारण एका ओळीत.

ग्लेनिसला चार लागतात हे तुम्हाला आता माहीत आहे. न सांगून मला काही लपवता आलं नसतं. चार लागतात म्हणून चार देऊ नका. आणि ती माझी मैत्रीण आहे म्हणून तीन देऊ नका. मी स्वतः ते व्हिडिओ पाहिले. मला किती वाटले ते तुम्हाला सांगणार नाही, ग्लेनिसलाही सांगितलेलं नाही.

२०१३ बद्दल मला काय वाटतं ते अजून मला माहीत नाही. कळलं की लिहीन. त्याची भरपाई म्हणून हे काम करू नका. ते दुसरं खातं आहे, त्यात ग्लेनिसचे चेंडू नाहीत. करायचं नसेल तर तसं सांगा. मी राहील सरांना कळवेन आणि जागा त्या मुलाला जाईल.

ग्लेनिसने आज विचारलं, "तुझा मामा कडक आहे का?" मी म्हटलं, होता. ती म्हणाली, "आणि आता?" तिने अजून मला घरात बसायला सांगितलेलं नाही. आम्ही जिन्यात बोललो.

तुमचा निर्णय, होकार असो वा नकार, गुरुवार, २७ मार्चला संध्याकाळी पाचपर्यंत माझ्याकडे यायला हवा. तुमच्याकडे तेव्हा साडेसात वाजलेले असतील. कृपया त्याआधी उत्तर पाठवा.

तेजस्वी